जुन्या बाजारातलं जाळीचं कपाट रंगवायचंय? मग रंग उडवायलाही शिका

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे नंतर घरच्यांची बोलणी खायला नकोत. वस्तू जुन्या सागवानाची किंवा शिसवी असेल, पॉलिश बऱ्यापैकी टिकलेलं असेल, लाकडाच्या रेषा छान दिसत असतील, तर तिला रंग फासू नका. धूळ पुसा, स्पिरिट पॉलिशचे दोन हात मारा, पितळी मुठी चिंचेने घासा, झालं काम. शिसवी पलंग पांढराफट्ट करून त्यावर निळी फुलं काढलेले फोटो बघितले की माझा जीव खालीवर होतो.

आपल्याला काय करायचंय, तर एकावर एक दोन रंग द्यायचे आणि वरचा जागोजागी घासून उडवायचा, म्हणजे वस्तू वर्षानुवर्षं वापरून झिजल्यासारखी दिसते. त्यासाठी घ्यायची ती दुसऱ्याच जातीची वस्तू. जंगली लाकडाची, निम्मी सागाची निम्मी आंब्याची, मागे पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या ठोकलेल्या, आणि वरून कुणीतरी कधीतरी चॉकलेटी ऑइल पेंट थापलेला. अशा वस्तूचं लाकूड दाखवण्यासारखं नसतंच, पण घडण मजबूत असते आणि आकार गोड असतो. स्टूल, चौरंग, शाळेतलं बाक, देवघराखालचं बुटकं टेबल, काहीही चालेल. मी इथे जाळीचं कपाट धरून सांगते, कारण ते अजून मिळतं आणि त्यात करायला सगळंच आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, फ्रिज घरोघरी यायच्या आधी दूध, दही, उरलेली भाजी ठेवायचं हे कपाट, दाराला आणि बाजूंना बारीक जाळी म्हणजे हवा खेळती राहील आणि मांजर, माशा बाहेर, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या. ही वाट्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुठे मिळतं? पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे सकाळी लवकर गेलात तर नशिबाने मिळेल, दुपारपर्यंत चांगला माल उचललेला असतो. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आहेच, शुक्रवार सोडून जा, पण तिथले लोक 'अँटिक' म्हणून भाव सांगतात आणि मग घासाघीस करताना आपलाच घाम निघतो, त्यापेक्षा जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट फिरायला बरं. जुने वाडे पाडतात तिथल्या सामानाच्या वखारी, गावातला भंगारवाला, सोसायटीच्या ग्रुपवर 'किचन नवीन करतोय, कपाट फुकट घेऊन जा' असा मेसेज, हे सगळ्यात स्वस्त. तालुक्याच्या गावाला नातेवाईक असतील तर त्यांच्या माळ्यावर एखादं पडलेलं असण्याची शक्यता दांडगी.

भाव नंतर, आधी कपाट उलटं करा

खरंच उलटं करा, विकणारा तोंड वाकडं करेल, करू दे. वर्षानुवर्षं पाय पाण्याच्या वाट्यांत उभे होते ना, त्यामुळे खालचं इंच-दोन इंच लाकूड वरून ठणठणीत दिसतं आणि आतून मऊ झालेलं असतं. दाभण किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक पायाला खालून टोचा. नुसता ओरखडा उठला तर लाकूड चांगलं, टोक आत रुतलं तर तेवढा भाग गेलेला. एवढ्यावरून कपाट सोडायचं मात्र नाही, सुताराकडून चारही पाय सारखे कापून घ्यायचे आणि उंची हवीच असेल तर खालून सागाचे गुटके लावून घ्यायचे. भाव पाडायला हे कारण उत्तम.

मग कीड. दोन प्रकार असतात आणि दोन्हींत फार फरक आहे. मातीच्या बारीक नळ्या, फळी ठोकली की पोकळ आवाज, ही वाळवी, ते कपाट जिथे आहे तिथेच राहू द्या. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील तर तो लाकूड पोखरणारा भुंगा, आणि ती भोकं जुनीही असू शकतात. घरी आणल्यावर बाल्कनीत खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा, कागदावर पिवळसर बारीक भुगा पडला तर किडा जिवंत आहे. लाकडाला मारायचं कीटकनाशक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, ते जुन्या सिरिंजने भोकाभोकात भरायचं, हातात मोजे, खिडक्या उघड्या, डब्यावर लिहिलंय ते वाचून, आणि पुन्हा महिनाभर कागद तपासत राहायचं. हे झाल्याशिवाय कपाट घरातल्या बाकीच्या लाकडाजवळ नेऊ नका.

तिसरं म्हणजे कपाटाचे वरचे दोन कोपरे धरून तिरकं हलवून बघा. थोडं कुरकुरलं तर सांधे सैल झालेत, फेविकॉल आणि लाकडी पाचर मारून निभावतं. बाजूला झुकलं तर सुतार लागणार, त्याची मजुरी धरून मग भाव बोला.

साफसफाई, कंटाळवाणी पण इथेच निम्मं काम

स्वयंपाकघरातलं कपाट म्हणजे त्यावर तेलाचा चिकटा असतोच, दिसत नाही पण बोट फिरवलं की कळतं. या चिकट्यावर जगातला कुठलाही रंग धरत नाही. बादलीभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा, फडकं घट्ट पिळून पुसायचं, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा. पाणी ओतायचं नाही हं, लाकूड फुगतं आणि मागची फळी प्लायची असेल तर तिचे पापुद्रे सुटतात. नंतर दोन दिवस सावलीत वाळवा.

मुठी, कडी, बिजागऱ्या सगळं काढून ठेवायचं. स्क्रूच्या खाचेत जुना रंग भरलेला असतो, आधी जुन्या चाकूच्या टोकाने खाच मोकळी करा नाहीतर स्क्रूचं डोकं घसरतं आणि मग बसा रडत. कुठली बिजागरी कुठली ते खडूने आतल्या बाजूला लिहा. जाळीवरच्या लाकडी पट्ट्या चुकांनी म्हणजे बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचकटा, पट्ट्या जपून ठेवा, जाळी गंजलेली असेल तर बिनधास्त फेकून द्या. नवीन जाळी सगळं रंगकाम झाल्यावर लावायची, आधी लावली तर भोकाभोकात रंग अडकतो.

आता पॉलिश पेपर. पण घासायला सुरुवात करायच्या आधी हे वाचा, हा भाग मी गमतीत घेत नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कुठल्याही वस्तूवर संशय घ्यायचा. त्यातही पिवळा, केशरी, लाल आणि हिरवा जास्त संशयित, कारण ते रंग आणायला शिशाची संयुगं सर्रास वापरायचे. कोरडं घासलं की तीच धूळ घरभर होते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सगळ्यात घातक. म्हणून जुना रंग असेल तर वॉटर पेपर घ्या, पाण्यात बुडवून ओलाच घासा, एन-९५ मास्क लावा, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका, आणि झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. जुना रंग अगदी लाकडापर्यंत काढायची गरजही नसते. जो पोपडा नखाने निघतो तेवढा काढा, बाकीच्याची चकाकी मारा, बस.

उघडं लाकूड असेल तर ८० नंबरच्या पेपरने (नंबर लहान तितका पेपर भरड) फक्त खडबडीत जागा, मग १२०, मग १८०, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. भोकं, खाचा लांबीने म्हणजे लाकडाच्या पुट्टीने भरा. पण सगळ्या नाही! ठोके, जुन्या खिळ्यांच्या खुणा, दारावर कुणीतरी कोरलेलं नाव, हे राहू द्या, यातच मजा आहे, नाहीतर नवं कपाट घ्यायला काय झालं होतं.

पांढरा प्रायमर का नको

बहुतेक रंगारी काका पहिला सल्ला देतील, व्हाइट वूड प्रायमर मारा. साध्या रंगकामाला बरोबर आहे. पण आपल्याला नंतर रंग घासून उडवायचाय, आणि घासलं की खालून लाकूड दिसायच्या ऐवजी पांढरी रेघ दिसते, की मग सगळं सोंग उघडं पडतं. जुन्या वस्तूंचा रंग उडतो तेव्हा खाली आधीचा रंग असतो नाहीतर काळपट लाकूड.

प्रायमरऐवजी मी लाख वापरते. लाखदाणा, कुणी चपडा म्हणतात, रंगाच्या जुन्या दुकानात सुटा मिळतो. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम, काचेच्या बरणीत घालून रात्रभर ठेवायचं, अधूनमधून हलवायचं. विरघळल्यावर बरणी न हलवता ठेवली की लाखेतलं मेण खाली गढूळ बसतं, वरचं निथळ तेवढं घ्यायचं, कारण मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. याचे दोन पातळ हात, मधे तासभर. स्पिरिट पटकन पेटतं, त्यामुळे गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा सगळं लांब.

लाख मारायचं खरं कारण म्हणजे डाग. सागवानात तेल असतं, शिसव आणि बऱ्याच गडद लाकडांत टॅनिन म्हणजे डाग पाडणारा तुरट अर्क असतो, वर फिकट पाण्याचा रंग मारला की दुसऱ्या दिवशी पिवळे-तपकिरी ओघळ वर येतात आणि कितीही हात मारले तरी येतच राहतात. लाखेचा थर ते अडवतो. आपल्या कपाटात कुठली फळी कशाची ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळीकडेच मारून मोकळं व्हायचं. शिवाय नंतर घासताना जे लाकूड दिसेल ते कोरं पांढुरकं न दिसता पॉलिशच्या रंगाचं दिसतं. फक्त एक, जिथे जुना ऑइल पेंट ठेवलाय तिथे आधी त्याची चकाकी नीट मारलेली असली पाहिजे.

रंग, आणि कशाखाली काय

चॉक पेंट हा प्रकार १९९० मध्ये अ‍ॅनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी बाजारात आणला, मऊ, मॅट, खडूसारखा दिसणारा आणि घासला की छान उडणारा. आता आपल्याकडेही तयार डबे मिळतात पण महाग पडतात, आणि घरी बनवणं अगदी सोपं आहे. तीन वाट्या मॅट अ‍ॅक्रिलिक इमल्शन (भिंतीला देतात तो पाण्याचा रंग), एक वाटी खडूची पावडर किंवा पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पावडर आधी पाऊण वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची आणि लगेच रंगात ओतून ढवळायची. पीओपी असेल तर पटापट करा, पाण्यात पडल्यावर ते थोड्याच वेळात आवळायला लागतं, आणि तो रंग त्याच दिवशी संपवायचा. खडू पावडरीचं असं काही नाही. घट्टपणा इडलीच्या पिठाइतका. रांगोळी चालेल का असं हमखास विचारतात, नाही चालत, भरड असते, ब्रशखाली कचकच लागते. गाळायला जुनं सुती कापड घ्या, आणि चहाची गाळणी वापरलीच तर ती पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

साधारण साडेचार फुटी कपाटाच्या बाहेरच्या अंगाला एका रंगाचा अर्धा लिटर दोन हातांना पुरतो. दोन रंग म्हणजे दोन अर्धे लिटर. हव्या त्या छटेसाठी पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या छोट्या बाटल्या मिळतात त्या थेंबाथेंबाने घालायच्या, पण गडद रंग अशाने येत नाहीत, पांढरटच राहतात, गडद हवा असेल तर दुकानातच मशीनवर बनवून घ्या.

आता रंग निवडायचे कसे. आपल्या जुन्या घरांत लाकडी सामानाला कुणी ठरवून रंग देत नसे. घरात लग्न निघालं, दिवाळी आली, खिडक्यांना निळा लावला, डब्यात उरला, मग तो कपाटाला लागला. पुढच्या लग्नात हिरवा उरला, तो वर चढला. म्हणून खरोखरच्या जुन्या कपाटाचा पोपडा निघतो तेव्हा एकाखाली एक असे न जुळणारे रंग दिसतात आणि तरी छान वाटतं. आपल्याला तेच करायचंय. खाली-वर एकाच रंगाच्या दोन छटा घेतल्या तर लांबून नुसतं मळकट दिसतं, खालचा रंग वेगळ्याच घरातला हवा. काही जोड्या सांगते ज्या कधी दगा देत नाहीत: खाली काव म्हणजे तांबूस लाल आणि वर मोरपंखी. खाली पिवडीचा पिवळा आणि वर गडद निळा. खाली राखाडी निळा आणि वर हळदी. खाली पोपटी आणि वर गुलबक्षी, हे धाडसाचं आहे, पण पांढऱ्या भिंतीसमोर काय दिसतं म्हणून सांगू. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या-दारं बघत फिरा, तिथला निळा आणि हिरवा उन्हाने जसा फिका पडलेला असतो तसा वरचा रंग हवा, म्हणजे डब्यातल्यापेक्षा एक पायरी मळका. दुकानातला चकचकीत निळा तसाच मारला तर कपाट बालवाडीतलं वाटतं, त्यात चिमूटभर तपकिरी स्टेनर घाला, लगेच वयात येतं.

बॉर्डर किंवा फुलं काढायची हौस असेल तर सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी कामं बघा, रंग भडक पण जागा मोजकी. दाराच्या वरच्या पट्टीवर एक वेल, पुरे.

खालच्या रंगाचे दोन हात, मधे चार-पाच तास, मग रात्रभर वाळू द्या. ब्रशच्या रेघा राहिल्या तरी चालतात, चांगल्याच दिसतात.

मेणबत्ती कुठे फिरवायची, सगळा खेळ इथे आहे

साधी पांढरी मेणबत्ती घ्यायची आणि जिथे रंग उडालेला हवाय तिथे घासायची, मग वरचा रंग मारायचा. मेणावर रंग धरत नाही, नंतर पेपर मारला की तिथूनच पापुद्रा निघतो आणि खालचा रंग दिसतो. पद्धत एवढीच. पण कुठे घासायची हे ज्याला कळलं त्याचं कपाट खरं वाटतं, बाकीच्यांचं उंदराने कुरतडल्यासारखं.

कपाट रोज वापरलं जातंय असं डोळ्यासमोर आणा. दार उघडायला हात कुठे जातो? मुठीकडे, पण नुसता मुठीकडे नाही, मुठीच्या जरा वर आणि दाराच्या कडेला, कारण हातात दुधाचं पातेलं असताना माणूस कडेला बोटं घालून दार ओढतं. तिथे तळहाताएवढा भाग झिजतो, मधे जास्त, बाहेर विरत गेलेला. खालच्या दाराची खालची कड पायाने ढकलली जाते. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत रोज झाडू आणि ओलं फडकं लागतं, तिथे रंग आडव्या पट्ट्यांत जातो, उभ्या नाही. पायांवर वाटीच्या काठापर्यंत एक रेघ, त्याखाली रंग जवळजवळ नाहीच. फळ्यांच्या पुढच्या कडा डबे ओढून ओढून झिजतात, कपाटाच्या माथ्यावर डब्यांचे गोल. ज्या बाजूने लोक येतात-जातात तो पुढचा कोपरा झिजतो, भिंतीकडचा कोपरा पन्नास वर्षांनीही नवा असतो. आणि दाराच्या पट्टीच्या बरोब्बर मधोमध? तिथे कुणाचा हात जात नाही, तिथे रंग शाबूत ठेवा. चारही कोपरे सारखे घासलेलं फर्निचर शोरूममध्ये दिसतं ना, बघता क्षणी खोटं वाटतं ते याच्यामुळे.

तुमच्याकडे खरी झीज आधीच असेल, म्हणजे मुठीजवळ लाकूड गुळगुळीत झालंय, फळीची कड गोल झालीय, तर विचार करायचं कामच नाही, मेणबत्ती तिथेच.

मग वरच्या रंगाचे दोन हात, पहिला पातळ. मेणाच्या जागेवर रंग ओढून ओढून लावायचा नाही, ब्रश एकदा फिरवा आणि पुढे जा. रात्रभर वाळवा.

रंग उडवायचा दिवस

२२० नंबरचा पेपर, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून कडांवर, आणि नुसता बोटाखाली धरून मऊ जागांवर. मशीनचा सँडर आणू नका, दोन सेकंदांत दोन्ही रंग घेऊन जातो. आधी हलकं घासा, मेणाच्या जागा आपोआप सुटायला लागतील, मग तिथे थोडं जास्त. अगदी टोकांवर, म्हणजे पायांच्या खाली आणि मुठीच्या कडेला, १२० ने थेट लाकडापर्यंत जा (खाली जुना ऑइल पेंट ठेवलेला असेल तर तिथे मघाशी सांगितल्यासारखं वॉटर पेपरने ओलंच), म्हणजे तीन थर दिसतील, वरचा रंग, खालचा रंग, लाकूड. हे तीन थर एकमेकांत विरत गेलेले दिसले पाहिजेत, कडक रेघ दिसली की पेपर सपाट धरून ती मोडायची. दर पाच मिनिटांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, जवळून सगळंच कमी वाटतं आणि हात थांबत नाही. चुकून जास्त गेलं तर वरचा रंग ठेवलेला असतोच, जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपा.

धूळ नको असेल, फ्लॅटमध्ये करत असाल, तर ओली पद्धत करा. त्यात मेणबत्ती लागत नाही, पण खालचा रंग नीट वाळल्यावर त्यावर लाखेच्या निथळीचा एक पातळ हात मारून ठेवायचा, नाहीतर ओल्या फडक्याबरोबर तोही निघतो. मग वरचा रंग लावा, वाळून अर्धा-पाऊण तास झाला की ओल्या खरखरीत फडक्याने हव्या त्या जागा चोळा. झीज जास्त मऊ दिसते, पण कडा तितक्या खऱ्या वाटत नाहीत. मला विचाराल तर दोन्ही मिसळा, सपाट जागा फडक्याने, कडा पेपरने.

भेगाळलेला रंग हवा असेल त्यांच्यासाठी फेविकॉलची युक्ती आहे. खालच्या रंगावर फेविकॉलचा थर, जरा चिकट राहिला की वरचा रंग एका दिशेने एकदाच, परत ब्रश फिरवायचा नाही, वाळताना आपोआप तडे जातात. थर जाड तर तडे मोठे. एखाद्या दाराच्या पट्टीवर बरं दिसतं, अख्ख्या कपाटावर केलं तर दुष्काळातलं शेत. आधी रद्दी फळीवर करून बघा, हवेतल्या दमटपणावर बरंच अवलंबून असतं.

दमटपणाचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात हे काम काढू नका. जुलैत कोकणात किंवा मुंबईत रंग वाळतच नाही, चिकट राहतो, आणि फुगलेली दारं रंगवली तर हिवाळ्यात लाकूड आकसलं की कडेला न रंगवलेली पट्टी उघडी पडते. दसरा झाल्यापासून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात बरे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात, मराठवाड्यात ब्रश उचलायच्या आत रंग सुकतो, तिकडे सकाळी सहा-सातलाच करा.

वरचं संरक्षण

खडूचा रंग पाणी पितो, हळद तर लगेच धरतो, त्यामुळे वर काहीतरी मारावंच लागतं. घासून झाल्यावर सुट्टे मेणाचे कण आणि भुगा नीट झटका, फडक्याने पुसा. मग दोन वाटा. कपाट स्वयंपाकघरात राहणार असेल तर पाण्याचं मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक वॉर्निश), दोन-तीन पातळ हात, मधे ३२० चा पेपर अगदी हलका. तेलाचं वॉर्निश नको, कालांतराने पिवळं पडतं आणि निळ्याचं हिरवट होतं. कपाट बाहेरच्या खोलीत पुस्तकांसाठी असेल तर मेण, एक भाग मधमाश्यांचं मेण, दोन भाग टर्पेंटाईन. मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, गॅस बंद करून भांडं स्वयंपाकघराबाहेर आणा आणि मग टर्पेंटाईन घाला, उलट क्रमाने केलंत तर भडका उडेल. फडक्याने चोळायचं, वीस मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने चमकवायचं. खाचांमध्ये जुनाट काळपटपणा हवा तर याच मेणात चिमूटभर तपकिरी रंगाची कोरडी पूड मिसळून फक्त कोपऱ्यांत. तपकिरी बूट पॉलिश वापरतात बरेच जण, दिसतं ठीक, पण वास जाता जात नाही आणि पांढऱ्या सदऱ्याला लागतं.

दोन्ही एकावर एक करायचं असेल तर पीयू आधी, मेण नंतर. मेणावर पीयू टिकत नाही, सोलून निघतो.

आतून रंग देऊ नका. विशेषतः खायचे पदार्थ ठेवणार असाल तर आतल्या फळ्या स्वच्छ घासून लाखेचे दोन हात, बस, जुना कोंदट वासही त्यानेच दबतो. फळ्यांना आत जुना ऑइल पेंट असेल तर मात्र त्यात उघडं अन्न ठेवायचंच नाही, बंद डबे ठेवा.

सनमायका लावलेली किंवा एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची) वस्तू असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, घासल्यावर खालून लाकूड निघत नाही, पुठ्ठा निघतो. तिथे दोन रंग देऊन ओल्या फडक्याने वरचा थोडा काढा आणि तेवढ्यावर समाधान माना. आणि उघड्या बाल्कनीत पाऊस लागत असेल तर खडूचा रंग नकोच.

शेवटी जाळी. माप पट्टीपेक्षा अर्धा इंच जास्त कापा, ताणून आधी चार कोपऱ्यांना चुका, मग मधे, मग पट्ट्या. पट्ट्याही वेगळ्या रंगवून, कडा घासून घेतलेल्या असल्या की सगळं एकजीव दिसतं. जुन्या बिजागऱ्या रॉकेलमध्ये रात्रभर ठेवल्या की गंज सुटतो, पुसून पुन्हा लावा. स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या आत ठोका, वाळल्यावर कापा, स्क्रू घट्ट बसतो. हात लावून रंग दुसऱ्याच दिवशी वाळलेला वाटेल, पण पुरता कडक व्हायला तीनेक आठवडे जातात, तोवर माथ्यावर जड डबे, गरम पातेली आणि प्लास्टिकचे टेबलक्लॉथ ठेवू नका, चिकटतात.

उरलेला खडूचा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत वर थोडं पाणी घालून ठेवा, ठोका-बिका बसला तर टिपायला होतो. पीओपीचा उरलेला रंग वर्तमानपत्रावर ओतून सुकवा आणि सुक्या कचऱ्यात द्या, बेसिनमध्ये ओतलात तर पाइप तुंबेल आणि मग प्लंबर कपाटापेक्षा महाग पडेल.